सासूबाईंना आत घ्या

त्या दिवशी सकाळी भट्टीवालीला कुणी विचारलं असतं, "काय, धाकधूक होतेय का?" तर तिने कमरेवर हात ठेवून विचारणाऱ्यालाच नखशिखांत न्याहाळलं असतं. धाकधूक कसली? तीनपैकी दोन चाचण्या तिने झोकात पास केल्या होत्या. तिसरी आज. आगीपुढे उभं राहायची तिची ही काही पहिली वेळ नव्हती. इथं येण्याआधी अकरा वर्षं तिने एका मोठ्या लाँड्रीच्या बॉयलरवर काढली होती. आग खरंच भुकेली आहे की नुसती नाटकं करतेय, हे तिला आवाजावरून कळायचं.

बंदराच्या अगदी टोकाला पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. बोटवाले समुद्रातून मासे आणतात, तसं प्लास्टिकही आणतात. कधी कधी तर जाळ्यात मासे औषधापुरते आणि बाकी सगळं प्लास्टिकच. पूर्वी ते लोक 'समुद्राचं समुद्राला' म्हणून पुन्हा पाण्यात भिरकावून द्यायचे. आता पोत्यात भरून शेडच्या दारात आणून टाकतात. आत सात बायका ते धुतात, निवडतात, वाळवतात. मग ते बंद भट्टीत जातं. हवेचा कण आत न जाऊ देता तापवलं की ते वितळतं, उकळतं, त्याची वाफ होते, आणि ती वाफ थंड नळीतून गेली की तेल होऊन ठिबकते. ते तेल शेजारच्या बर्फाच्या कारखान्याच्या इंजिनाला चालतं. इंजिन चाललं तर बर्फ, आणि बर्फ असेल तर बोटी निघणार. सांगायला चार वाक्यं लागली, पण हे जमवायला भट्टीवालीची दोन वर्षं गेली आणि भुवया तीनदा जळल्या.

तर सांगायचं म्हणजे, बंदर समितीने अट घातली होती. तपासनीस बाईंसमोर तीन वेळा भट्टी लावायची आणि तिन्ही वेळा त्या तेलावर कारखान्याचं इंजिन तासभर चालवून दाखवायचं. चाललं, तर तेल कायमचं कारखान्याला आणि शेड कायमची यांना. नाही चाललं, तर महिनाअखेर शेड रिकामी करायची, तिथं जाळी ठेवायचं गोदाम होणार आणि भट्टी भंगारात. तपासनीस बाई बाहेरगावच्या, संध्याकाळी सहाला त्यांची गाडी. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. प्लास्टिक म्हणजे सगळं एक नव्हे. त्यांच्या जाती असतात, आणि त्यांची नावं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची रांग. सुरुवातीला त्या सात जणींच्या डोक्यात ती राहता राहीनात. सातही जणी लग्न झालेल्या, नांदत्या घरच्या. तेव्हा भट्टीवालीने युक्ती काढली. पिशव्या, कॅन, झाकणं यांचं जे साधं पॉलिथिन, ती 'सून'. पडेल ते काम करते, सगळं तेल तिच्याच जिवावर, आणि कितीही बुडवा, वर येते. पाण्याची बाटली तो 'जावई'. त्याला कामाला लावायचं नाही, चेपून-बांधून, मानाने दुसऱ्या गावच्या कारखान्यात पाठवून द्यायचं. नायलॉनचं जाळं ती 'नणंद', जिथंतिथं गुंतणारी. थर्मोकोल ती 'मावशी', ऊब लागायचा अवकाश की विरघळली.

आणि पीव्हीसी, म्हणजे पाइपांचे तुकडे, रेनकोट, बोटींच्या कडेला बांधायचे हवेचे फुगे, ती सासू. दिसायला मऊ, पण चटका बसला की आम्ल ओकते. ते आम्ल नळी खातं, तेल नासवतं, इंजिनाची वाट लावतं. तांब्याची तार तापवून त्या तुकड्याला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की ओळखायचं. तिला भट्टीत प्रवेश नाही म्हणजे नाही. शेडमागे तिचा दोन वर्षांचा डोंगर साठला होता.

गंमत अशी, की नुसतं 'सासू' म्हणायला सातांतल्या एकीचीही जीभ वळेना. जन्माची सवय! पहिल्याच दिवशी एक जण म्हणाली, "या सासूबाई कुठं ठेवू?" आणि झालं. तेव्हापासून त्या विषालासुद्धा शेडमध्ये बाई लावूनच हाक मारायचे. सासूबाई बाहेर ठेवा. सासूबाई जास्त झाल्या. आज सासूबाई कमी आहेत, बरं वाटतंय.

भट्टीवालीच्या घरी खऱ्याखुऱ्या सासूबाई होत्या, वय वर्षं बहात्तर. त्यांना यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, आणि भट्टीवालीनेही 'या' म्हटलं नव्हतं. का म्हटलं नव्हतं, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

सकाळी साडेआठला माल भरायला सुरुवात झाली. भट्टीचं तोंड उघडं, ब्लोअर घों घों करतोय, आणि खलाशी आत माल दाबून बसवतोय. हा खलाशी म्हणजे भट्टीवरचा तिचा मदतनीस. साठीचा गडी. वीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी झोपून एक कान पूर्ण आणि दुसरा अर्धा गेलेला. पण हुकमाचा पक्का. बोटीवर एकदा सांगितलं की का, कशाला विचारायचं नसतं, ही सवय त्याने जमिनीवरही सोडली नव्हती.

भट्टीवाली तपासनीस बाईंना मीटर दाखवत होती. तपासनीस बाई उंच, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात. हसणं त्यांच्या नियमात बसत नसावं. तेवढ्यात फाटकावरचा वॉचमन ओरडला, "ताई, तुमच्या सासूबाई आल्यात!"

भट्टीवालीने मीटरवरून मान वळवली. आजच? नेमक्या आजच? पण म्हातारं माणूस दारात, ऊन चढत चाललेलं. तिने ब्लोअरच्या वर आवाज काढून फर्मावलं, "अहो, मग सासूबाईंना आत घ्या की! उन्हात काय ठेवलंय!"

आणि पुन्हा मीटरकडे वळली.

वॉचमनने ते ऐकलं. खलाशानेही ऐकलं, पण अर्ध्या कानाने, म्हणजे वॉचमनचं सुटलं आणि भट्टीवालीचं तेवढं पोचलं. सासूबाई आत घ्या, उन्हात काय ठेवलंय. त्याने बाहेर पाहिलं. खरंच की, दारापाशी उन्हात पीव्हीसीच्या दोन क्रेट होत्या, डोंगराकडे न्यायच्या राहिलेल्या. क्षणभर तोही चक्रावला. दोन वर्षांत जे कधी आत घेतलं नाही, ते आज? मग त्याने मनाशी ठरवलं, भट्टीवालीला तपासनीस बाईंना काहीतरी जास्तीचं करून दाखवायचं असेल. आपल्याला काय, हुकूम म्हणजे हुकूम. दोन्ही क्रेट त्याने आत रिचवल्या, वर राहिलेला माल घातला, झाकण लावलं, सोळाच्या सोळा बोल्ट आवळले आणि आग दिली.

वीस मिनिटांनी घाम पुसत तो तिच्याजवळ आला.

"सासूबाई आत घेतल्या."

"बरं झालं," भट्टीवाली आकडे टिपता टिपता म्हणाली. "नीट बसवलंत ना?"

"एकदम तळाशी. चांगल्या दाबून बसवल्या."

"पाणी दिलंत का?"

"पाणी?" खलाशी गोंधळला. "पाणी कशाला? चांगल्या वाळलेल्या होत्या. दोन्ही."

"दोन्ही?" भट्टीवालीचं पेन थांबलं. "अहो, मला सासू एकच आहे!"

तिने फाटकाकडे पाहिलं. तिच्या सासूबाई फाटकाबाहेर, वॉचमनच्या स्टुलावर, पदराने वारा घेत बसल्या होत्या आणि वॉचमन हातात पिवळं हेल्मेट घेऊन त्यांच्या विनवण्या करत होता. "एकदाच घाला हो, नियम आहे." त्या म्हणत होत्या, "मी काय खाणीत उतरतेय?"

भट्टीवालीने दाराकडे पाहिलं. क्रेटच्या जागी धुळीत दोन चौकोन तेवढे उरले होते.

"किती होतं?" तिने विचारलं.

"तीस किलो असेल," खलाशी म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्याही डोक्यात उजेड पडला. चेहरा राखेसारखा झाला. "म्हणजे... तुमच्या... अरे देवा!"

भट्टीवाली दोन ढांगांत भट्टीपाशी पोचली. तापमानाचा काटा एकशेवीसवर. तिने आधी आगीचं दार अर्धं ओढलं. मग उभी राहिली. झाकण आता उघडता येणार नव्हतं, भट्टी निवायला उद्या सकाळ उजाडली असती. तशीच पुढे चालवली, तर आम्लाचं तेल. म्हणजे आज बंद केली तरी नापास, चालवली तरी नापास. इकडे आड, तिकडे विहीर.

निवडणाऱ्यांतली एक हळूच कानाशी आली. "ताई, बोलू नका काही. त्यांना काय कळतंय? तेल येईल तसं येऊ दे, इंजिन तासभर चालेल कसंबसं. पुढचं पुढे."

इथं भट्टीवालीचा पारा चढला, आणि चढला ते बरंच झालं, कारण त्याने तिची भीती पळाली. "लाँड्रीत डाग लपवून वर इस्त्री फिरवली की तो जन्मात जात नाही," ती म्हणाली. "जा, आपलं काम कर."

आणि सरळ तपासनीस बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, चूक झालीय. आत पीव्हीसी गेलंय. तीस किलो."

तपासनीस बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कसं गेलं?"

"मीच आत घ्यायला सांगितलं. म्हणजे मी माझ्या सासूबाईंना आत घ्यायला सांगितलं, आणि यांनी पीव्हीसी... आम्ही त्याला..." तिने एक श्वास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. सून, जावई, नणंद, सासूबाई, सगळं.

तपासनीस बाईंनी एकही शब्द न चुकता ऐकलं. मग घड्याळ पाहिलं. "चाचणी रद्द लिहू?"

"नका लिहू."

"मग?"

"सासूबाई आधी निघतात," भट्टीवाली म्हणाली. "पहिल्या वर्षी चुकून-माकून एखादा तुकडा जायचा. तेव्हा मी आकडे लिहून ठेवलेत. अडीचशेच्या पुढे आम्ल सुटायला लागतं, तीनशेवर सगळ्यात जास्त. पण सून चारशेशिवाय हलत नाही. मधे वेळ आहे. मी काटा तीनशेवर धरून ठेवते. आम्ल तेवढं बाहेर काढते, नळीकडे न जाऊ देता चुन्याच्या पिंपातून. ते संपलं की मग पुढे चढवते."

"तीस किलोवर कधी केलंय असं?"

"नाही."

"जमेल?"

"जमेल," भट्टीवाली म्हणाली. ती बढाई नव्हती. तिला भट्टी माहीत होती.

तपासनीस बाईंनी त्यांच्या पेटीतून निळ्या लिटमस कागदांची डबी काढून तिच्या हातात ठेवली. "आम्ल असेल तर लाल होतील. माझी गाडी सहाला आहे. मी जे पाहीन ते लिहीन." आणि खुर्ची ओढून थेट भट्टीसमोर बसल्या.

आता खरी अडचण चुन्याची. पिंपात दहा किलो चुना कालवलेला असायचा, एखाद्या चुकार तुकड्यापुरता. तीस किलोंना तो कुठला पुरायला? निदान आणखी एक पोतं हवं होतं, आणि तेही अर्ध्या तासात. चुना होता. बंदराचा धक्का रंगवायला देखभाल खात्याच्या कोठारात पोत्यांची थप्पी लागलेली होती. पण तिथला कोठारवाला म्हणजे महाभाग! तीन सह्यांच्या चिठ्ठीशिवाय तो सुतळीचा तोडासुद्धा द्यायचा नाही.

"आयुष्यभर जगाने आपल्याला चुना लावला," एक जण हताश होऊन म्हणाली, "आणि आज हवाय तर मिळत नाही."

"कुणाला काय मिळत नाही?"

सासूबाई आत आल्या होत्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, त्यावरून पदर. या सासूबाईंनी बंदराच्या शाळेत तीस वर्षं शिपायाची नोकरी केलेली. शाळेची घंटा त्यांच्या हातात असायची, आणि उशिरा आलेल्या पोरांचे कानही. आज बंदरावर जी माणसं साहेब म्हणवतात, त्यांतली निम्मी त्यांनी चड्डीत पाहिलेली.

"आई, चुना हवाय," भट्टीवाली म्हणाली. "कोठारातून. आत्ताच्या आत्ता. पण तो कोठारवाला..."

"कोण, तो टकल्या? पाटी विसरून यायचा तो?" सासूबाई वळल्यासुद्धा. "आलेच."

त्या गेल्या आणि पंधराव्या मिनिटाला परत आल्या. एक नाही, दोन पोती. हातगाडीवर. आणि ती हातगाडी ढकलत होता खुद्द कोठारवाला, पन्नाशीचा, घामाघूम, एकदाही मान वर न करता. पोती उतरवून त्याने विचारलं, "बाई, चिठ्ठी मागाहून पाठवाल ना?" सासूबाई म्हणाल्या, "पाठवते हो, जा आता, रमतगमत नको जाऊस." आणि तो गेला.

काटा दोनशे चाळीसवर होता. भट्टीवालीने नळीची चावी बंद केली, पिंपाकडची उघडली. पिंपात बुडबुडे फुटू लागले, आणि आंबट, झोंबणारा वास शेडभर पसरला. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली. चुना तळाशी बसला की उपयोगाचा नाही, तो सारखा ढवळत राहायला हवा. काय वापरावं म्हणेपर्यंत सासूबाईंनी कोपऱ्यातलं एक मोडकं वल्हं उचललं आणि पिंपात घातलं.

"आई, तुम्ही बसा."

"तू तुझं बघ."

मग भट्टीवालीने खरोखर तिचं ते बघितलं. आग मोठी झाली की काटा चढायचा, दार ओढलं की पडायचा, आणि तिला तो तीनशेवर रोवायचा होता. तिने ब्लोअर बंद करायला लावला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. बोटभर दार उघड, दोन बोटं मिट. एकदा काटा तीनशेवीसला गेला, पण ती म्हणाली, "ती नाटकं करतेय," आणि राखेची एक पाटी आगीवर ओतली. काटा मुकाट्याने खाली आला. अशी दोन तास ती एका जागी उभी होती. पाणीसुद्धा कुणीतरी तिच्या तोंडाला लावलं.

दर दहा मिनिटांनी खलाशी वाफेत लिटमस कागद धरायचा. चुकीचं ओझं त्याच्या मानेवर बसलेलं, त्यामुळे हे काम तो जिवाच्या आकांताने करत होता आणि बहिऱ्या माणसाच्या हिशेबाने ओरडून सांगत होता. "लाल! लालभडक! सासूबाई अजून निघतायत!"

पिंपातलं वल्हं थांबलं.

"कोण निघतंय?" सासूबाईंनी विचारलं.

सात जणी सात दिशांना बघू लागल्या. एकीला अचानक पोतं शिवायचं आठवलं. भट्टीवालीला काट्यावरून नजर हलवता येत नव्हती, म्हणून ती काट्याकडे बघतच म्हणाली, "आई, ज्या प्लास्टिकमधून आम्ल सुटतं, त्याला आम्ही इथं सासूबाई म्हणतो. नाव मीच ठेवलंय. चुकलं माझं. पण आता दार ओढू की तुमच्या पाया पडू, एकच काहीतरी जमेल."

पिंपातले बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. तपासनीस बाईंनीसुद्धा लिहायचं थांबवलं.

"मऊ असतं का ते?" सासूबाईंनी शेवटी विचारलं.

"हो. रेनकोट वगैरे."

"आणि तापल्यावर झोंबतं."

"हो."

"माझ्या सासूला मी मनातल्या मनात काय काय म्हणायचे," सासूबाई म्हणाल्या, "ते इथं सांगितलं ना, तर ही भट्टी लाजेने विझेल. तुम्ही निदान बाई तरी लावता." आणि वल्हं पुन्हा फिरू लागलं. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. आजचा दिवस दोघींचा दिसतोय. ओढ दार, काटा चढतोय बघ."

शेडमध्ये असा हशा पिकला, की तपासनीस बाईंना चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं. खलाशाने मात्र काहीच ऐकलं नव्हतं. सगळे हसतायत म्हणून तोही हसला.

एक वाजता कागद गुलाबी निघाला. दीडला निळ्याचा निळा राहिला. भट्टीवालीने आणखी तीन कागद बघितले, कारण एकावर विश्वास ठेवायला ती काल जन्मलेली नव्हती. तिन्ही निळे. मग तिने पिंपाकडची चावी बंद केली, नळीची उघडली, ब्लोअर लावायला सांगितला आणि आगीचं दार सताड उघडलं. "चल बाई," ती भट्टीला म्हणाली, "आता सुनेची पाळी."

साडेतीनशे. चारशे. अडीच वाजता नळीच्या तोंडाशी पहिला थेंब लोंबकळला, सुटला आणि डब्यात पडला. मग धारच लागली. तेल नेहमीपेक्षा थोडं काळपट होतं. भट्टीवालीने ते पाहिलं आणि लपवलं नाही. तपासनीस बाईंनी त्यात पाणी घालून हलवलं, पाणी वेगळं होऊ दिलं आणि स्वतःच्या हाताने त्या पाण्यात कागद बुडवला. सगळ्या जणी माना लांब करून बघत होत्या. कागद निळाच राहिला. "हं," तपासनीस बाई म्हणाल्या. इतक्या वेळात त्यांचा हा पहिला उद्गार, तेव्हा त्याचं मोल काय ते समजा.

तेल दोनदा गाळून कारखान्यात पोचायला साडेचार वाजले. इंजिन जुनं, अवजड, बसक्या आवाजाचं. भट्टीवालीने टाकी भरली, पण चाकाला हात लावायला खलाशाला पुढे केलं. त्याने हात मागे घेतला. "माझ्यामुळे झालंय सगळं," तो म्हणाला. ती त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन म्हणाली, "मी ओरडले आणि तुम्ही ऐकलंत, एवढाच तुमचा गुन्हा. फिरवा."

त्याने फिरवलं. इंजिन एकदा खोकलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा त्याने काळा धूर सोडला. मग धूर पातळ झाला, करडा झाला, दिसेनासा झाला, आणि इंजिनाने आपला ताल धरला. पुढचा एक तास सगळे इंजिनाला कान लावून उभे होते. तो ऐकण्याचा तास होता. पाऊण तासाने कारखान्याच्या घसरणीवरून बर्फाच्या लाद्या खाली सरकू लागल्या आणि बाहेर थांबलेल्या बोटवाल्यांनी टोपल्या पुढे केल्या. आत काय चाललंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती, त्यांना बर्फाशी मतलब.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी तपासनीस बाईंनी इंजिनाच्या नळीतलं तेल पुन्हा तपासलं, कागद वहीत चिकटवला आणि कारखान्याच्या दारातच उभ्या उभ्या लिहायला घेतलं. बरंच लिहीत होत्या. भट्टीवालीला उलट्या बाजूने वाचता येईना.

"पास," तपासनीस बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, जसं काही वेळ सांगतायत. "पण शेडमागे जो पीव्हीसीचा ढीग आहे, त्याचं तुम्ही काय करणार होतात?"

"काय करणार? कुणी घेतच नाही. पडून आहे."

"आज तुम्ही तीस किलो घेतलंत."

"ते चुकून."

"आग तीनशेवर धरलीत ती चुकून नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "दर खेपेला तीस किलोपर्यंत घ्यायला हरकत नाही, असं लिहिलंय मी. चुना समितीने पुरवायचा. तीनशेचा टप्पा तुम्ही सांगितलात तसाच, तुमच्या आकड्यांसकट, पद्धत म्हणून जोडतेय. तुमची ती जुनी वही मला पाठवा." त्यांनी सही केली, कागद तिच्या हातात दिला आणि जाता जाता सासूबाईंपाशी थांबल्या. "पिंप चांगलं ढवळलंत," म्हणाल्या आणि गाडीकडे निघाल्या.

मागे जो आरडाओरडा झाला तो काय सांगू! सात जणी एकमेकींच्या गळ्यात. खलाशी एकटाच बर्फाच्या लादीवर बसून डोळे पुसत होता. भट्टीवालीने मात्र कागदाची नीट चौपदरी घडी केली, भट्टी निवायला लावली, पिंप झाकलं, सगळ्यांना घरी पिटाळलं आणि मगच सासूबाईंबरोबर फाटकाबाहेर पडली. दोघी धक्क्याच्या कडेने चालत होत्या. सासूबाईंच्या चपलांवर, पदरावर, कोपरापर्यंत चुनाच चुना.

"आई, एक विचारू?" थोडं चालल्यावर ती म्हणाली. "दोन वर्षांत कधी आला नाहीत. आज कशा काय आलात?"

"अगं, सगळ्या बंदरात बोभाटा झालाय की आज तुमची शेवटची परीक्षा," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी तू जेवणाचा डबासुद्धा न घेता निघालीस. मी म्हटलं, ही दाखवत नाही, पण हिचा सगळा जीव त्या भट्टीत आहे. उद्या कमी-जास्त झालं तर ही कुणाला तोंड दाखवणार नाही. म्हणून सांगायला आले होते, की पास हो नाहीतर नापास हो, मान खाली घालून घरात यायचं नाही. घर तुझं आहे, भट्टीचं नव्हे." त्यांनी पदर झटकला, चुना उडाला. "पण तुम्ही मला बोलू कुठं दिलंत? आल्या आल्या वल्हं हातात!"

भट्टीवाली थांबली. सकाळपासून जिने काट्यावरून नजर हलवली नव्हती, जी तपासनीस बाईंसमोर डगमगली नव्हती, इंजिनासमोर टिकली होती, ती तिथं धक्क्यावर, भर रस्त्यात, लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली. येणारे-जाणारे बघू लागले. तिला त्याचं काही नव्हतं.

सासूबाईंनी चुन्याचा हात तिच्या पाठीवर ठेवला. पाचही बोटं पांढरी उमटली.

"रड हो," त्या म्हणाल्या. "पण चालता चालता रड. मला भूक लागलीय."